पेढीकाठची जोडी

वामनरावांनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवला, नाकावर जरा खालीवर करून पाहिला आणि पिशवीतला स्वतःचाच पेपर काढून दाराच्या उजेडात धरला. जवळचं नीट दिसतं का, हे बघायला चष्मेवाला साजिद गिऱ्हाइकाला छापील तक्ता देत असे. पण वामनराव जन्मभर शाळामास्तर राहिलेले. लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता वाचायचा म्हणजे त्यांना अपमान वाटे. मुलीकडे अमरावतीला राहून ते सकाळच्याच गाडीनं अकोल्याला परतले होते, आणि पेपर तिकडचा होता. वर्गात धडा वाचावा तसे ते मोठ्यानं वाचू लागले, "'भातकुली परिसरात शृंगी घुबडाचं घरटं. पेढी नदीकाठच्या दरडीत पिलांसह मादी. छायाचित्र, प्राध्यापिका आचल वानखडे. सोबत पक्षिमित्र प्राध्यापक श्याम राऊत.' बाप्पा बाप्पा! डोळे पाहा हो साजिदभाई, निखारे हायेत निखारे." मग चष्मा काढून त्यांनी समाधानानं मान हलवली. "दिसून राह्यलं. एकदम साफ."

साजिद दुसऱ्या कोणाच्या काचा फडक्यानं पुसत होता. त्याचा अंगठा काचेवर तसाच राहिला.  "मास्तर, पेपर राहू द्या माह्याजवळ," तो म्हणाला. आपला आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याला आश्चर्य वाटलं.

वामनराव गेल्यावर त्यानं काउंटरवर पेपर पसरला. पहिल्या पानावर त्या वर्षांत रोज असायची ती शेतकरी-आत्महत्यांची चौकट होती, गावाचं नाव, माणसाचं नाव, वय. ती त्यानं सवयीनं घडीखाली घातली आणि आतलं पान काढून भिंग लावलं. भिंगाखाली घुबडाचे ठिपके झाले, काळे आणि करडे, पण दरड ओळखायला ठिपके पुरेसे होते. वरून लोंबणारं बाभळीचं मूळ. त्याच्या बाजूला विष्ठेचे पांढरे ओघळ. मादी जिथे बसली होती त्या कपारीची खालची कड तुटलेली, डाव्या अंगाला. ती कड दोन हिवाळ्यांपूर्वी तुटली तेव्हा साजिद आणि त्याचा जुना दोस्त श्याम समोरच्या काठावर पोटावर पालथे पडून, आता हिची अंडी घसरतील का, यावर वाद घालत होते. ही तीच जोडी होती. पौषात श्यामनं फोनवर सांगितलं होतं, "यंदा नाही आली रे. दरड रिकामी हाय. कोणी मारली असन, नाहीतर उठून गेली." त्या दिवशी साजिदला जेवण गेलं नव्हतं. घरात मयत झाल्यासारखा तो बसून होता, आणि अफसानानं, त्याच्या बायकोनं, दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला होता.

म्हणजे तो मेलेल्या घुबडांसाठी बसला होता आणि घुबडं जिवंत होती. अंडी उबवत होती, रात्री उंदीर आणत होती, आणि श्याम दर रविवारी त्यांना बघत होता. त्या बाईबरोबर. साजिदनं पुन्हा नाव वाचलं. आचल. नाव छापताना अक्षरांना शाई जरा जास्त लागली होती, असं त्याला वाटलं.

घुबडांचा पत्ता पहिल्यांदा साजिदलाच लागला होता. ते दोघं अमरावतीच्या कॉलेजात एका बाकावर होते तेव्हापासून सायकलवर पाखरं बघत हिंडत. पुढे श्याम त्याच गावात भूगोल शिकवू लागला, साजिद अकोल्याला वडलांच्या चष्म्याच्या दुकानात बसला. श्यामनं लग्न केलं नाही, साजिदचं झालं, मुलं झाली. पण हिवाळ्यापासून उन्हं तापेपर्यंत साजिदचे रविवार श्यामचे असत. सकाळची एसटी, बडनेऱ्याच्या फाट्यावर श्यामची स्कूटर, आणि मग भातकुलीकडचं काळं रान. एकदा नत्थुजी नावाच्या शेतकऱ्याच्या शेताच्या टोकाला, नदीला मिळणाऱ्या नाल्यात, साजिदच्या पायाखाली पाखरानं ओकलेली, वाळलेली गोळी आली. त्यानं ती फोडली. आत उंदराचे केस होते, बारीक हाडं, आणि एक पिवळट दात. त्यानं वर बघितलं. दरडीतली माती डोळे उघडून त्याच्याकडे बघत होती. इतकी मोठी, कानांवर शिंगं उभारलेली, नारिंगी डोळ्यांची ती माती. त्याला ओरडावंसं वाटलं आणि त्यानं श्यामचा हात दाबला.  परत येताना श्याम स्कूटर थांबवून म्हणाला होता, "कोणाले सांगायचं नाही बरं. मांत्रिकायले समजलं तं मान मुरगाळतीन, अन् फोटोवाल्यायले समजलं तं त्याच्यापेक्षा वाईट. हे आपल्या दोघायचं." आपल्या दोघायचं. साजिदनं हे शब्द अफसानालासुद्धा सांगितले नव्हते.

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा अफसाना गच्चीवर मिरच्या गोळा करत होती. त्यानं पेपर तिच्या हातात दिला. तिनं फोटो बघितला, मजकूर वाचला, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हसली. "सौतन आ गई क्या जी?" तिनं विचारलं. थट्टाच होती. पण तो खाली निघून गेला आणि नळ सोडून उगीच हात धूत राहिला. तिच्या शब्दातलं काहीतरी पाण्यानं जात नव्हतं. कधीतरी अफसाना माहेरी जास्त राहिली तर त्याला राग यायचा, तो राग वेगळा असायचा, रोजच्या सवयीतला, भाकरी वेळेवर न मिळाल्यासारखा. हा राग खाली खोल, ओलसर होता, आणि त्याला लाजही चिकटलेली होती. आपण पन्नाशीकडे झुकलेले, दाढीत पांढरे आलेले, आणि एक दोस्त दुसऱ्या कोणाबरोबर पाखरं बघतो म्हणून आपल्या घशाशी येतं, हे कोणाला सांगणार? तो जितका स्वतःला समजावत होता तितकं चित्र ठळक होत होतं. श्याम नाल्याच्या काठावर पालथा पडलेला. शेजारी, जिथे गवत साजिदच्या कोपरांनी दबलं होतं, तिथे दुसरी कोपरं.

रविवारी तो कोणालाही न सांगता निघाला. बडनेऱ्याला त्याला उतरवून घ्यायला कोणी नव्हतं. तो काळीपिवळी जीपमध्ये अंग कोंबून भातकुलीला गेला आणि तिथून रानानं पायी चालत सुटला. फाल्गुन लागला होता. पळस पेटले होते, बांधावरचे आंबे मोहरून त्यांचा वास उन्हात आंबट झाला होता. हरभरा निघालेल्या शेतात टिटवी जीव तोडून ओरडत होती. तिची अंडी जवळपास असणार. एक ससा त्याच्या पायातून सुटला आणि कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्यांत घुसला. एरवी या प्रत्येकासाठी तो थांबला असता. लांब नदीच्या वळणावर रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप पाण्यावर आला होता, निळसर मोठा नर मान ताठ करून त्याच्याकडे बघत होता, आणि साजिदच्या मनात आलं, हेही त्यानं तिला दाखवलं असेल. हा नर दाखवताना तो काय म्हणाला असेल तेसुद्धा त्याला ठाऊक होतं. "पाह्य, घोड्याचं धड अन् बकरीची दाढी." साजिदला सांगितलेलीच वाक्यं तो तिला सांगत असेल. जुनी वाक्यं तिला नवी वाटत असतील.

नत्थुजी नाल्याच्या अलीकडे बाभळीच्या सावलीत बसले होते. शेताचा हा तुकडा त्यांचा. पाखरं बघायला येणाऱ्या या दोघांना ते आधी वेडे समजत. मग घुबड उंदीर खातं हे कळल्यावर पाहुणे समजू लागले. साजिदला बघून ते उठले. "अरे, अकोलेवाले! लय दिवसानं! अन् एकलेच?" साजिद काहीतरी पुटपुटला. नत्थुजींनी हातानं नाल्याकडे दाखवलं. "बरं झालं आले. प्रोफेसरचा फोन लागत नाही मले, कालपासून लावून राह्यलो. त्यायले सांगजा, बुधवारी जेसीबी येते. ही दरड काढून राह्यलो."

"काढून?"

"वीटभट्टीवाल्यानं घेतली माती. पिवळी माती हाय ना, विटाले चांगली." नत्थुजी बोलताना नाल्याकडे न बघता स्वतःच्या तळव्याकडे बघत होते. "कापूस पेरून पाह्यला, सोयाबीन पेरून पाह्यलं. आता मातीच इकून राह्यलो. पोट्टे म्हणते, इकून टाका अन् चला शहरात. पण मले त्या पिल्लायचं वाटते भौ. प्रोफेसर म्हणतीन तं मी भट्टीवाल्याले थांबवतो, पिल्लं उडेपर्यंत. थांबन तो, माह्या वळखीचा हाय. पण मले सांगा मंगळवारपर्यंत. मी आता लग्नाले निंघालो, आज त्यायची माही भेट होत नाही. तुमी निरोप देजा."

"देतो," साजिद म्हणाला. त्या क्षणी तो खरंच देणार होता.

तो नाल्याच्या या काठानं पुढे गेला आणि जुन्या जागी, सिंदीच्या झुडपाआड, बसला. समोर कपारीत पिलं होती. तीन. लोकरीचे मळके गोळे, त्यांत अजून नीट न बसवलेले डोळे. एक थोराड होतं, ते कडेपर्यंत चालत येई, पाय आपटी आणि मागे जाई. मादी मुळाखाली बसली होती, अर्धे डोळे मिटून, छातीवरच्या रेघा मातीत मिसळलेल्या. तिनं मान फिरवली, सावकाश, आणि साजिदकडे बघितलं. त्याला वाटलं ती ओळखते. दुसऱ्याच क्षणी त्याला वाटलं, ती कोणाकडेही अशीच बघते, आणि छातीत पुन्हा तो ओलसर राग भरून आला, आता तिच्यावरसुद्धा.

उन्हं कलली तेव्हा याच काठावर, वरच्या अंगाला बऱ्याच अंतरावर, स्कूटर वाजली. स्कूटर एक मुलगी, आचलच असणार, चालवत होती आणि श्याम मागे बसला होता. साजिदनं दुर्बीण उचलली. ती तिशीच्या आत-बाहेरची, सडपातळ, ओढणी कमरेला बांधलेली. तिनं स्कूटर उभी केली आणि श्यामचं कोपर धरलं. काठाचा उतार ते दोघं असे उतरले, ती अर्धं पाऊल पुढे, तिचा हात त्याच्या कोपरावर. उतार श्यामच्या पायाखालचा होता. इतकी वर्षं तो तिथून उड्या मारत उतरायचा. खाली बसल्यावर त्यानं गळ्यातली दुर्बीण काढली. ती जुनी दुर्बीण साजिदनं दुकानात बसून दोनदा उघडून साफ केली होती, तिच्या पट्ट्याला साजिदच्या हातची शिवण होती. श्यामनं ती पळभर डोळ्याला लावली आणि तिच्या हातात दिली. मग ती बघत राहिली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलत राहिली, आणि श्याम डोळे मिटून, चेहरा दरडीकडे करून, हसत होता. साजिदनं त्याला इतकं हसताना कॉलेजनंतर बघितलं नव्हतं. अंधार पडण्याआधीच नर आला. नदीकडून, आवाज न करता, रुंद पंखांवर तरंगत तो थेट श्यामच्या डोक्यावरून गेला, इतक्या खालून की मुलगी दचकून वाकली. श्यामनं मान वर केली नाही. असा क्षण बघायला मिळावा म्हणून ज्यानं थंडीत पहाटा काढल्या तो माणूस मान वर करत नाही. साजिदला वाटलं, बस, आता सगळं समजलं. त्याला घुबडंही नको आहेत. त्याला फक्त तिचा आवाज हवा आहे.

त्यानं घुबडांकडे पाठ फिरवली. नर काय घेऊन आला, पिलांत आधी कोणाला मिळालं, त्यानं बघितलं नाही. तो आला तसा रानानं परत गेला. काळीपिवळीच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि तो बघवत नव्हता.

सोमवारी दुकानात गर्दी नव्हती. त्या दिवसांत बाजाराच्या दिवशीही नसायची. खेड्यावरचा माणूस यायचा तो काडी तुटलेला चष्मा घेऊन, दोरा बांधून द्या म्हणायचा, आणि नवा घ्या म्हटलं की पुढच्या हंगामाचं नाव काढायचा. साजिद दोरे बांधत बसला. फोन हाताशी होता. निरोप द्यायला एक मिनिट लागलं असतं. पण निरोप द्यायचा म्हणजे मी तिथे आलो होतो हे सांगायचं, मी झुडपाआड बसून तुम्हाला बघत होतो हेही. आणि आधी कबूल कोणी करायचं? खोटं श्याम बोलला होता. साजिदला त्याचा कबुलीजबाब हवा होता. त्यासाठी तो थांबेल असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि थांबण्यात एक गोडसर दुखणं होतं, हलणारा दात जिभेनं ढकलत राहावं तसं.

मंगळवारी संध्याकाळी त्यानं फोन लावला. श्यामनं उचलला. आवाज आनंदाचा होता. "अबे लेका, कुठी हायेस? किती दिवस झाले!"

"इथीच. दुकानात." साजिदनं काउंटरवरची काच बोटानं सरकवली. "सुट्टीचा काय करून राह्यला तू?"

"काही नाही रे. पेपर तपासून राह्यलो. घरीच असतो."

"रानात नाही गेला?"

"नाही. उन्ह लय झालं."

 त्याला स्वतःच्या श्वासाचा आवाज फोनमधून परत ऐकू येत होता. "श्याम, यंदा आपली घुबडं नाहीच आली काय? मांगून आली असतीन."

तिकडे श्यामनं घसा साफ केला. साजिदला वाटलं, आता सांगेल. सांग, तो मनात म्हणाला, एक शब्द सांग, मी लगेच सांगतो, उद्या जेसीबी येते, पळ.

"नाही रे," श्याम म्हणाला. "नाहीच आली."

"बरं," साजिद म्हणाला. "ठेवतो मंग."

त्यानं फोन ठेवला. दुकानाच्या काचेपलीकडे रस्त्यावर दिवे लागत होते. जे घरटं नाहीच त्याचा निरोप कोणाला द्यायचा, असं त्यानं स्वतःशी म्हटलं, आणि हे वाक्य किती नेमकं आहे याचं त्याला क्षणभर बरं वाटलं. ते बरं वाटणं घरी पोचेपर्यंतही टिकलं नाही. बुधवारचा दिवस त्यानं घड्याळाकडे न बघता काढला. अफसानानं विचारलं तेव्हा पित्त झालंय म्हणाला.

गुरुवारी दुपारी काचेच्या दारात दोन माणसं उभी राहिली. आचलनं दार ढकललं आणि श्यामला पायरी सांगितली, "सर, उंच आहे." श्यामच्या पँटला गुडघ्यापर्यंत पिवळी माती वाळली होती. तिच्या नखांत माती होती, आणि एका बोटाला चिंधी बांधलेली. साजिद उठला नाही. 

"दरड काढली," श्याम म्हणाला. "काल. आमाले संध्याकाळी समजलं. हातानं उकरत होतो. एक जिवंत निंघालं." तो थांबला. चेहरा साजिदच्या दिशेला होता, पण थोडा बाजूला, साजिदच्या खांद्यामागच्या कॅलेंडरवर. "नत्थुजी म्हणे, रविवारी तुह्याजवळ निरोप देला होता."

"देला होता."

"मंग?"

"तू म्हणला, यंदा आलीच नाही."

दुकानात पंखा फिरत होता. आचल पुढे आली. "तुम्ही सांगितलं असतं तर तिन्ही राहिली असती," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "सर खोटं बोलले, ते त्यांचं अन् तुमचं. पिल्लांनी काय केलं होतं?"  श्यामनं तिच्या दिशेला हात केला, राहू दे अशा अर्थी, आणि तो हात काउंटरच्या कडेवर आपटला. कडा तिथे आहे हे त्याला कळलं नव्हतं. साजिदनं ते बघितलं. हात आपटला, बोटं चाचपडली, कडेवर स्थिर झाली. हजारो माणसांचे हात त्यानं या काउंटरवर बघितले होते.

तो उठला. त्यानं श्यामच्या डोळ्यांसमोर उभं राहून स्वतःचं बोट त्याच्या कानाच्या रेषेत धरलं आणि हळूहळू पुढे आणलं. गाल गेला, डोळ्याचा कोपरा गेला. श्यामची बुबुळं हलली नाहीत. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा तो म्हणाला, "हां. आता."

"दुसरा?"

"त्याचं कामच झालं," श्याम म्हणाला. "काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरनं दिवाळीत सांगतलं. गेलं ते येत नाही म्हणे, राह्यलं ते थेंब टाकून जपा. सकाळी जरासं दिसते, नळीतून पाहावं तसं. संध्याकाळी काहीच नाही."

"मले काहून नाही सांगतलं?" साजिद ओरडला. दुकानात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोर, तो खरोखर ओरडला. "मी डोळ्यायचं काम करतो! सारं गाव माह्याकडे येते!"

"म्हणूनच," श्याम म्हणाला. "तुह्यासंगं गेलो असतो तं तुले पह्यल्या दिवशी समजलं असतं. मंग तू मले पाखरं नसती दाखवली, डॉक्टर दाखवले असते. मुंबई, मद्रास. नाल्याच्या काठी बसून माह्या डोळ्यात पाह्यत राह्यला असता." तो खुर्ची चाचपून बसला. "आचलनं माह्ये पह्यलेचे डोळे पाह्यलेच नाही. तिले काही गेल्यासारखं वाटत नाही. ती सांगते, मी ऐकतो. मले एवढं एक वर्ष पाहिजे होतं रे."

साजिदनं रविवारचं चित्र पुन्हा बघितलं. कोपरावरचा हात, मिटलेले डोळे, डोक्यावरून गेलेला नर. सगळं तेच होतं, एक रेघही बदलली नव्हती. त्याला वाटलं होतं हे समजल्यावर मत्सर जाईल. तो गेला नाही. तो फक्त उघडा पडला. इतका मोठा अंधार याच्यावर आला आणि त्यात हात धरायला यानं दुसऱ्याला बोलावलं, हे घुबडांपेक्षाही जास्त लागत होतं. आणि त्याच वेळी मातीखाली गेलेली दोन पिलं होती, लोकरीची, डोळे नीट न बसवलेली, आणि ती कोणाच्याही दुःखात मावत नव्हती.

"पिल्लू कुठी हाय?" त्यानं विचारलं.

"नत्थुजींच्या खोपीत, टोपलीखाली," आचल म्हणाली. "काल रात्रभर त्याची आई शेतावर ओरडत होती म्हणाले."

"मंग बाहेर ठेवा लागते. मायबाप अजून फिरून राह्यले तं चारतीन." त्यानं दुकानाच्या किल्ल्या उचलल्या. "चला."

ते पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. दरडीच्या जागी ताजा, सरळ काप होता, कुदळीचे नव्हे तर लोखंडी दातांचे ओरखडे असलेला, आणि बाभूळ आडवी पडली होती. नत्थुजींनी साजिदकडे एकदा बघितलं. त्यांनी फावडं आणून दिलं. जेसीबीनं सोडलेल्या टोकाला, जिथे काठ अजून उभा होता, साजिदनं कपार खोदायला सुरुवात केली. माती आतून गार होती. त्याच्या हातांना फोड आले, सदरा पाठीला चिकटला. नत्थुजी म्हणाले, मी खोदतो. तो थांबला नाही. आचल खालून माती ओढत होती आणि कपार किती खोल हवी ते तिनं एकदाच विचारलं. मग तिनं टोपलीतून पिलू काढून त्याच्या हातात दिलं. तेच थोराड होतं. त्यानं साजिदच्या मनगटात नख्या रुतवल्या, चोच वाजवली आणि फुगून दुप्पट झालं. तो त्याला आत ठेवून उतरला. मनगटातून रक्त येत होतं.

समोरच्या काठावर तिघं बसले. श्याम मध्ये. एका बाजूला आचल, एका बाजूला साजिद. उजेड गढूळ होत गेला, आणि पिलू अधूनमधून फुसफुसत होतं, कोणी तांदूळ पाखडावा तसं. पुष्कळ वेळ दुसरं काही झालं नाही. श्यामचे हात गुडघ्यांवर घट्ट होते. मग नदीच्या बाजूनं घुमलं, खोल, बुऽबो, आणि दुसरीकडून त्याला उत्तर आलं, जरा वरच्या सुरात. आचलनं दुर्बीण उचलली आणि श्यामच्या कानाशी वाकली.

"आला सर. आडव्या बाभळीवर बसला आहे. पायात काहीतरी आहे, उंदीरच. इकडेतिकडे बघतोय. आता उडाला... कपारीच्या कडेवर. पिल्लू पुढे आलं, सर! नर चारतोय त्याला."

नर नव्हता. मादी होती. अंगानं थोराड, मान जाड, उजव्या पंखात एक पीस मोडलेलं. साजिदनं तिला तीन हिवाळे बघितलं होतं आणि अंधारातही तो चुकला नसता. श्यामही चुकला नव्हता. वरच्या सुरातला, मादीचा, आवाज त्याच बाजूनं आला होता, आणि आवाज कोणाचा ते साजिदला त्यानंच कधीकाळी शिकवलं होतं. श्यामनं मान साजिदकडे वळवली. तो थांबला होता. दुरुस्तीची वाट बघावी तसा, भुवया किंचित वर करून, जुन्या दिवसांसारखा.

साजिदच्या जिभेवर 'मादी' हा शब्द आला होता. पलीकडे मुलीचा श्वास भरभर चालला होता, आणि कपारीत पिलू चोचीतून ओढून ओढून खात होतं.

"बरोबर सांगून राह्यल्या त्या," साजिद म्हणाला. "तिकडेच ऐक."